चिंचेनं घासलेली बंदूक

चौऱ्याहत्तर सालची खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती. कोल्हापुरात बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात नृसिंहराव आपली पाळी यायची वाट बघत बाकावर बसले होते. त्यांच्या पुढं कोडोलीचे केरबा आणि त्यांची बायको चिमणाबाई. केरबांनी फडकं सोडून बंदूक मिस्त्रींपुढं ठेवली. नळ्या पूजेच्या तांब्यासारख्या लखलखत होत्या.

“पावणं, हिची काळी झिलई कुठं गेली?”

“हिला इचारा.”

“मला काय इचारायचं? पूजेला मांडायची वस्तू, आन् तव्यासारखी काळी! परवा चिंच-राख लावून घासली.”

“आक्का, त्यो मळ न्हवता. गंज धरू नये म्हणून मुद्दाम काळी करत्यात.”

“मिस्त्री, परत काळी करा बघू,” केरबा म्हणाले. “ गावात बिबट्या फिरतोय. गेल्या महिन्यात ह्याच बंदुकीचा बार काढून पळवला म्या.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं. सारं गाव सांगंल की.”

“आक्का, नळ्या आतनं बी घासल्या?”

“तर! कुंभारीण माशीनं दोन्ही नळ्यांत मातीची घरं केलती. कैक वर्सांची असतील, वाळून दगड झालती. सळई घालून फोडली.”

“बरं केलंसा. तसल्या बुजलेल्या नळीतनं बार काढला तर नळीच फुटती. माणूस वाचत न्हाय.”

नृसिंहराव बाकावर पुढं सरकले.

“अगं बाई! आन् ह्यांनी तर बार काढला की वो! अंबाबाईची किरपाच म्हणायची ह्यांच्यावर.”

“व्हय, आक्का. बिबट्यावर बी.”