कियांतीची चव

आखातातल्या अल नहदाच्या बस स्टॉपवर माझ्यापुढे एकाच हॉटेलच्या युनिफॉर्ममधले दोघं उभे होते. थोरल्याच्या हातात वही होती.

"यल्ला, चल अंकुर, तासाभरात वाइनची परीक्षा! कियांती क्लासिको, इटलीची लाल वाइन. मुख्य द्राक्ष?"

"सांजोवेझे! कमीत कमी ऐंशी टक्के."

"शाब्बास! आणि पांढरी द्राक्षं?"

"दहा टक्के."

"खलास! वेटरचा वेटरच राहशील."

"अहो वासिफभाई, नोट्समध्ये तसंच आहे!"

"कोणाच्या नोट्स?"

"मामाच्या."

"मामाच्या काळी लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षं घालायचा कायदाच होता. दोन हजार सहापासून क्लासिकोत ती बंद!"

"म्हणजे नाव तेच, आतला माल वेगळा?"

"हेच सांग तिथे!"

"तुम्हीच द्या ना परीक्षा. सगळं पाठ आहे तुमचं."

"तिथे चाखावी लागते, बाबा. आम्ही नाही घेत. बारा वर्षं स्टोअरमध्ये बाटल्या लावतोय, लेबलं वाचतोय. चल, शेवटचा प्रश्न. चव?"

"आंबट चेरी."

"ते वहीत आहे. तुझ्या जिभेला काय लागलं?"

"खरं सांगू? करवंद."

"करवंद?"

"हो. आंबटगोड, आणि मागून जीभ आक्रसते."

"अरे, मग इतके दिवस चेरी चेरी काय करतोस! आमच्या रत्नागिरीला शाळेच्या वाटेवर खिसे भरून..."

"वासिफभाई, बस आली."

"येऊ दे! आधी सांग, पिकलेलं काळं करवंद की अजून लालसर?"