दुकानाआधीची भवानी

तुम्ही हसाल, पण माझ्या दुकानाची भवानी दुकानाच्या आधीच झालीय.

कोपरीत बायकांना धंदा शिकवायचा संध्याकाळचा वर्ग निघालेला. मी चौथी पास, तरी नाव घातलं. एक दिवस सर म्हणाले, "डोळे मिटा आणि आपलं दुकान बघा." मी मिटले, तर खरंच दिसलं हो. निळं शटर, बरण्यांत थालीपिठाची भाजणी, उंबऱ्यावर कोवळं ऊन, आणि गल्ल्यावर मी निवांत बसलेली.

डोळे उघडले तेवढ्यात सर समोर आले. "मी तुमचं पहिलं गिऱ्हाईक. भाजणी महाग आहे, नको मला." मी त्यांना कशी पटवते ते बघायचं होतं त्यांना. ते वळले तशी मी उठून वाटच अडवली.

"भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाती जात नाही. दहा रुपयांची तरी घ्या."

"अहो मावशी, हे नाटक आहे."

"नाटक तुमचं. दुकान माझं आहे."

सरांनी खिशातून खरी दहाची नोट काढली. मी ती कपाळाला लावली, आता देव्हाऱ्यात आहे.

सर अजून विचारतात, "मावशी, माझी भाजणी?"

मी सांगते, "शटर उघडलं की या."