चौथ्या रकान्यातला हत्तु

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्यातल्या निम्म्या लोकांना पाढे पाठ करायला लावलेल्या कुसुमावतीअक्का इनामदार. प्रमुख पाहुणे, वकील विठ्ठलराव जठार. ज्यांच्यासाठी हे हार आणि पेढे आणलेत ते सत्कारमूर्ती प्रभंजनअण्णा नाडगौडा. त्यांच्या शेजारी बसून मला आत्तापासूनच डोळ्यांनी 'थोडक्यात' असं सांगणाऱ्या त्यांच्या पत्नी गोदावरीअक्का. आणि हुबळीतल्या विद्यानगरच्या आपल्या मराठी मंडळातल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार आणि सप्रेम जय भीम.

मी धम्मपाल. तारिहाळला पंपांच्या कारखान्यात अण्णा तपासणी विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली नोंदी लिहायचो. एकवीस वर्षं हाच कार्यक्रम. अण्णा मोजायचे, आकडा सांगायचे, मी वहीत उतरवायचो. शुक्रवारी कारखान्यातही निरोप झाला. तिथं मी कन्नडमध्ये बोललो आणि साहेबांनी मला दोनच मिनिटं दिली. इथं अध्यक्षांनी वेळ सांगितलेली नाही, तेव्हा पुढचं सगळं त्यांच्या जबाबदारीवर.

अण्णांच्या खिशात तांबड्या रंगाची एक चिमुकली डबी असते. आत्ताही असेल, विचारा. मालात दोष सापडला की ब्रशनं एक ठिपका, आणि तो भाग बाद. मग तो कुणी पाठवलाय हे अण्णा बघत नसत. गोदावरीअक्कांच्या जुन्या कुकरच्या झाकणावरसुद्धा तो ठिपका मी पाहिलेला आहे. आणि एकदा लिहिलेली नोंद त्यांनी कधी बदलली नाही. ते म्हणायचे, "धम्मा, आपल्याला आवडेल तो आकडा येईपर्यंत मोजत बसलं तर ती तपासणी नव्हे. ती स्वतःचीच खुशामत." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते आमच्याच अंगाशी येणार आहे.

आता मुद्द्याचं. अण्णांनी विमान घेतलंय. हे तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा. गेले आठ दिवस नवनगरच्या दूध केंद्रावर दुसरा विषयच नाही. कुणी म्हणतं पन्नास माणसांचं आहे, कुणी म्हणतं अण्णा गोव्याला सर्व्हिस चालू करणार. तसलं काही नाही. चार सीट, एक इंजिन, पुढे एक पंखा. अर्धं अण्णांचं, अर्धं विठ्ठलरावांचं. आणि नवं नाही बरं का, जुनं. पंचेचाळीस वर्षांचं, म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी धाकटं. माझ्यापेक्षा ठणठणीत आहे एवढं मी लेखी देतो.

अण्णा लहानपणी गोकुळ रोडला राहायचे. विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहून त्यांच्या शाळेला किती दांड्या झाल्या, ते अध्यक्षांसमोर सांगत नाही. बावन्नाव्या वर्षी त्यांनी रजा साठवून साठवून विमान चालवण्याचं लायसन्स काढलं. आम्ही लोक रजेत तिरुपतीला जातो. लायसन्स झालं, पण विमान दुसऱ्याचं, तासांच्या बोलीवर. दर वर्षी डॉक्टरांकडे डोळे, कान, हृदय दाखवायला जाताना अण्णा आदल्या दिवसापासून गप्प व्हायचे. यंदा साठ पूर्ण. अजून किती वर्षं डॉक्टर होकार देतील? आत्ता नाही तर मग कधी? हा प्रश्न त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण मला तो ऐकू यायचा.

तर गेल्या वर्षी पत्ता लागला. महाराष्ट्रातल्या एका धावपट्टीवर असं विमान विकायला आहे. विठ्ठलरावांच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. अण्णांनी बुटांना पॉलिश केलं होतं, जणू मुलगी बघायला चाललोय. शेडमध्ये शिरलो आणि ते दिसलं. पांढरं, कडेला फिकी निळी पट्टी, पंख खाली, दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारं. अण्णांनी आधी नळावर हात धुतले आणि मग त्याला हात लावला. त्या क्षणी मला कळलं की हे विमान मिळालं नाही तर या माणसाचं काही खरं नाही.

तिथला मेकॅनिक महादेव. आम्ही हुबळीचे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. तो आपल्या कुंदगोळचा. मग मराठी कसली बोलतोय, सगळा कारभार कन्नडमध्ये. इंजिनाला चार सिलिंडर. प्रत्येकात ऐंशीच्या दाबानं हवा भरायची आणि किती टिकते ते बघायचं. सत्तरच्या वर म्हणजे उत्तम. अण्णा मालकाबरोबर जुन्या नोंदवह्या चाळत होते. महादेव आकडे सांगत होता, मी मधूनमधून विमानात डोकावत, मग मान खाली घालून लिहीत होतो. एप्पत्तनाकु, चौऱ्याहत्तर. एप्पत्तैदु, पंचाहत्तर. एप्पत्मूरु, त्र्याहत्तर. थोडा वेळ गेला आणि तो म्हणाला, "हत्तु."

मी लिहिलं, दहा.

तेवढ्यात बाहेर दुसरं विमान सुरू झालं. महादेव आणखी काहीतरी बोलला, ते त्या आवाजात गेलं. माझे चारही रकाने भरले होते. मी वही मिटली आणि अण्णांच्या हातात दिली. महादेवला दुसऱ्या शेडमधून बोलावणं आलं, तो गेला.

अण्णांनी तो दहाचा आकडा बराच वेळ पाहिला. विठ्ठलराव म्हणाले, एक सिलिंडर बदलता येईल की. मी म्हटलं, पुन्हा एकदा मोजून घेऊ. अण्णा म्हणाले, "मला हे फार हवंय, धम्मा. म्हणूनच पुन्हा मोजायचं नाही." मालकाला नमस्कार करून ते गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. मालकानं ते सांगितलं, आणि अण्णांनी ऐकून घेतलं.

परतीच्या वाटेवर निपाणी लागलं. तिथं चहाला थांबलो. समोर एक बाई टेम्पोत शेळी चढवत होती आणि शेळी काही चढत नव्हती. बाई तिला मागून ढकलत ओरडत होती, "हत्तु, हत्तु!"

मंडळी, तुम्हाला समजलं. कोल्हापूरच्या पाहुण्यांसाठी सांगतो, आमच्या कन्नडमध्ये हत्तु म्हणजे दहा, आणि हत्तु म्हणजेच चढ. महादेव मला आकडा सांगतच नव्हता. मी मघापासून आत डोकावतोय हे पाहून तो म्हणत होता, बाबा, चढ पंखावर, बघ आत. कन्नड न येणारा माणूस असता तर त्यानं विचारलं असतं. मला कन्नड येतं ना, हाच घोळ झाला.

माझा चहा हातातच राहिला. एकवीस वर्षांत माझी एक नोंद चुकली नव्हती, आणि चुकली ती नेमकी ही. गप्प बसावं, असं मनात आलं, खोटं का सांगू? पण अण्णांकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. विठ्ठलरावांनी लगेच महादेवला फोन लावला. तो म्हणाला, चौथा एप्पत्तारु, शहात्तर, चौघांत सगळ्यांत चांगला; तुम्ही घेतलं का नाही?

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. खिशातून डबी काढली, माझी वही उघडली आणि त्या दहावर तांबडा ठिपका ठेवला. माझी पहिली बाद नोंद. मग विठ्ठलरावांना म्हणाले, "गाडी वळवा." आणि मंडळी, हसत होते हो. तपासणी विभागात इतकं हसलेले मी त्यांना कधी पाहिलेले नाहीत.

सकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या आधी आम्ही शेडच्या दारात हजर. पुन्हा चारही मोजले. या वेळी अण्णांनी मला काट्यासमोर उभं केलं, कानावर भरवसा ठेवू नकोस म्हणाले. चौथा शहात्तर. पुढे कागदपत्रांना आठ महिने लागले, ते सारं विठ्ठलरावांनी केलं, त्यांचे जाहीर आभार. आणि परवा ते आपल्या हुबळीत उतरलं. मी कुंपणाशी उभा होतो. रडलो, लपवत नाही.

गोदावरीअक्कांनी ठरवलंय की पहिल्या फेरीत धम्मपाल जाईल, तो धड उतरला तर त्या बसतील. मला मान्य आहे.

मंडळाचे, अध्यक्षांचे आणि माझं ऐकून घेतलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा असावी. अण्णांकडे डबी आहे, ते ठिपका देतील. उद्या सकाळी साडेआठला ते पंखाशी उभे राहून मला म्हणणार आहेत, "हत्तु." या वेळी मी वही नेणार नाही.