दारासमोरचा डोंगर

एसटीनं पेण सोडलं. रोह्यापर्यंतचे खड्डे तोंडपाठ असलेल्या अपेक्षाचा हात झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालीच होता. पुढच्या सीटवर पोलाद कंपनीच्या गणवेशातला मितेश नावाचा कामगार शेजारच्या टोपीवाल्या काकांना सांगत होता.

“आमच्या दारासमोर डोंगर होता, काका. स्लॅगचा.”

“ते काय असतं?”

“लोखंड वितळलं की वर मळ येतो. थंड झाला की दगडच. वर्षानुवर्षं कंपनीनं तिथं टाकला.”

“आणि आता?”

“आता आमी तो फोडतो. चुंबकानं उरलंसुरलं लोखंड काढतो, मग पाणी मारून मारून मुरवतो. कच्चा वापरला तर मागनं फुगतो.”

“लोणच्यावानी मुरवता व्हय रे!”

“व्हय. घाई करून चालत नाय.”

“मग डोंगर गेला कुठं?”

“आपण त्याच्यावरनंच चाललोय.”

काकांनी खिडकीतून वाकून रस्ता पाहिला.

“आयला! गाडी उडत नाय म्हणून मी मघापासनं ड्रायव्हरला शाबासकी देतोय!”

“आईला तर काल ओट्यावरनं खाडी दिसली. माझ्या लग्नाच्याही आधीपासनं दिसली नव्हती. मोठ्यानं हाक मारली मला, ‘मितेश, भरती आली रे!’”

अपेक्षानं बाळाच्या डोक्याखालचा हात हळूच काढून घेतला.