तोबोल्स्कला निघण्याआधी जरा बसू

मग तुम्हीच सांगा जावईबापू, विश्वास ठेवायचा कुणावर — या लाल जाडजूड पुस्तकावर, की त्या निळ्या बारक्यावर? थांबा, बोलू नका. प्रवासाला निघताना घरातल्या सगळ्यांनी घटकाभर गप्प बसायचं, मधे कुणी बोललं की उठायचं आणि पुन्हा पहिल्यापासून बसायचं. तुम्ही छान बसलाय. बोललो मीच. उठा. हं, बसा.

तर लाल पुस्तक म्हणतं — आमच्या उग्लिचची घंटा, राजपुत्र मेला तेव्हा तिनं गाव गोळा केलं म्हणून तिला फटके मारले, जीभ उपटली, टांगायचा एक कान कापला आणि सैबेरियात हद्दपार केली, तोबोल्स्कला. तुमच्या सासूबाई, ही अगाफ्या, म्हणतात, "जीभ कापायची होती तर उग्लिचमध्ये दुसरी लायक जीभ होती की." हसू नका, हसलेलं धरतात — उठा. बसा.

आणि निळं म्हणतं, कान कुणी कापलाच नाही, वाटेत गाडी उलटली तेव्हा मोडला! दोन्ही पुस्तकं एकाच कपाटातली बरं का. जमीनदार वारला, त्याचा सगळा ग्रंथसंग्रह मी वजनावर उचलला, दुकानातले हेरिंग मासे बांधायला. पहिलंच पान फाडायला घेतलं, सहज एक ओळ वाचली, मग दुसरी — गिऱ्हाईक मासा हातात धरून उभं. तेव्हापासून मी राजेरजवाडे वाचतो आणि अगाफ्या मासे विकते, बिनकागदाचे. — मांजर ओरडली. मांजरही घरातलीच. उठा. बसा.

आता तो पोर्फिरी, चर्चमधला घंटा वाजवणारा. भर बाजारात मला म्हणतो, "घंटेचा कान कोण कापतंय शेठ, मोडला असेल." मी म्हटलं, "कापलाय. नसला तर ही दाढी तू काप." तेव्हा निळं पुस्तक वाचलं नव्हतं हो! जाऊन बघितलं की लगेच कळणार — कापला असेल तर कड सरळ, मोडला असेल तर दातेरी. म्हणून तर निघालोय. दर उन्हाळ्यात निघतो. मी मुद्दाम बोलतो असं पोर्फिरी गावभर सांगतो, म्हणून तर त्यानं तुमच्या हातात खडू दिलाय, कोण कितीदा बोललं ते दारावर मांडायला. मुद्दाम कशाला बोलेन मी? उठा. हा भोंगा ऐकलात? आपलीच आगबोट. बसा, बसा, आता अगदी चिडीचूप.

अगाफ्या, पेटीवर बस हवं तर, पण उघडू नकोस. — उघडलीस. बरं, कंगवाच आहे. दाढीचा. प्रवासात माणसाला आणखी लागतं काय? आणि सैबेरियात काय, वारा फार, गुंता होतो — जावईबापू, असं बघू नका माझ्याकडे.

गेली वाटतं आगबोट. हो, गेलीच, तो धूर बघा वळणाआड. अरेरे.

चला, चहाचा समोवार पेटवा कुणीतरी. आता बोला की, आता चालतं. पोर्फिरी येतोच आहे जिना चढून, रेघा मोजायला. दारावरचा हिशोब मात्र प्रामाणिक ठेवा जावईबापू — मांजरीची रेघ माझ्यात घालू नका.