जाळी कुणी काढली होती

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे पाळकसाहेब, आज सेवानिवृत्त होणारे आपले फोरमन, ज्यांना सगळा छापखाना काका म्हणतो, काकू, आणि बंधुभगिनींनो,

आज तीस सप्टेंबर. या सभागृहात मी सहा वर्षांनी तोंड उघडते आहे. इतकी वर्षं गप्प राहिले, त्याबद्दल आधी माफी मागते. कुणाची, ते पुढे येईलच.

काकांच्या शिस्तीबद्दल आत्ता चौघे बोलले. खरंच आहे ते. गीतांच्या पुस्तकात एका पानाचा क्रमांक चुकला, तेव्हा काकांनी दोन हजार प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवायला लावली. मी मुद्रितशोधक, चूक माझी. "देवाच्या घरी चुकीचं पान जायचं नाही, बाई," म्हणत खळीचा डबा घेऊन स्वतः शेजारी बसले.

मग त्या अहवालाचं काय झालं, काका?

सहा वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण आपल्याच छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होती. काम तुंबलं होतं. पात्यापुढची जाळी काढली की हात भराभर चालतो, म्हणून तुम्ही ती काढायला लावलीत. दुपारी तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीच्या अहवालात तुम्ही लिहिलंत, जाळी तिनेच आपल्या मनानं काढली. तेव्हापासून ती 'निष्काळजी बाई' आहे. कुणी कामावर घेत नाही.

परवा पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "ख्रिस्ती माणसानं मनात धरून ठेवू नये. समारंभात काकांशी हात मिळव, मंडळीला बरं वाटेल."

बहीण कपबशा पुसत होती. म्हणाली, "कोणता देऊ?"

पाळकसाहेब चहा अर्धा टाकून उठले. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "ताई, क्षमा कधीच केली असती गं. पण त्यांनी तर काही केलंच नाही म्हणे. मग करू कशाची?"

मंडळीला बरं वाटावं म्हणून क्षमा? जिची बोटं गेली, मनही तिनंच मोठं करायचं, आणि ज्यांनी खोटं लिहिलं त्यांनी हार घालून घ्यायचे? प्रभूनं क्षमा करायला सांगितलं, मान्य. रोज प्रार्थनेला बसते आणि रोज क्षमेच्याच ओळीशी अडते. पण चिघळलेल्या जखमेवर पांढरं फडकं टाकून 'बरी झाली' म्हणा, असं त्यानं कधी सांगितलं?

रागानं बोलते म्हणून मी स्वच्छ, असं मात्र समजू नका. कार्यालयाचा प्रत्येक कागद माझ्याकडून तपासून जातो. तो अहवालही आला होता. जाळी काढली तेव्हा मी दारातच उभी होते. मी स्वल्पविराम दुरुस्त केले आणि खोटं तसंच जाऊ दिलं. नोकरीच्या भीतीनं. हे आज सकाळी बहिणीला सांगितलं. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. अजून माझ्याशी बोललेली नाही. मागणाऱ्याला क्षमा किती लांब दिसते, हे मला आज कळलं.

काका, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, मनापासून म्हणते. हार मात्र माझ्याकडून नाही. संयोजकांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलताना तोल गेला असेल तर पोटात घाला. जाळीबद्दलचा शब्द मागे घेत नाही.

उद्याचं एकच काम लिहून ठेवलं आहे. सकाळी नऊ वाजता कार्यालयात जाऊन त्या अहवालाला शुद्धिपत्र चिकटवायचं. खाली दोन सह्यांची जागा आहे. एक माझी झाली आहे.

खळ मी आणते, काका. तुम्ही या.