तारेतला झोळ

हार्डवेअरच्या दुकानात एक शिक्षिका रांगेत थांबली होती; तिच्या पुढे एक म्हातारा उभा होता. तिला त्याचं दुकानदाराशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं.

"केसासारखी बारीक तार दे."

"कशाला, आजोबा?"

"घराचं छोटं मॉडेल करतोय. त्याच्या कुंपणाला."

"नीट ताणून बसवा, नाहीतर झोळ पडेल."

"एका जागी झोळच हवाय. शेजारीण तिथे कोपरं टेकून बोलायची. तार पार खाली आली होती."

"वजनदार होत्या वाटतं!"

"छे, काडीपैलवान! पण बोलायला लागली की तिच्या घरात दूध उतू जायचं."

"आता?"

"गेली ती. तिच्या लेकाने कुंपण काढून भिंत घातली."

"मग त्यांची बाहुली करून उभी करा की तिथे."

"नको रे. बाहुली बोलायची नाही. नुसता झोळ असला की वाटतं, दूध बघायला आत गेलीय."